वाचकांचे प्रश्न : काडतुसांची पुनर्भरणी आणि दारू तोलण्याचा काटा

गेल्या अंकात रायफल नेमबाजीविषयी लिहिताना, वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याच्या अमेरिकेतील छंदाचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. बहुतेकांनी प्रेस, म्हणजे पुंगळ्या दाबण्या-भरण्याचे यंत्र, कोणता घ्यावा एवढेच विचारले आहे. काटा कोणता घ्यावा असे विचारणारे पत्र एकच आहे, आणि माझ्या मते काळजीचे कारण तिथेच आहे. उत्तरांपूर्वी एक खुलासा. कोणत्या काडतुसात कोणती दारू किती भरावी, याचे आकडे या सदरात दिले जाणार नाहीत. ते दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या ताज्या छापील पुस्तिकेतूनच घ्यावेत. मित्राच्या वहीतून नव्हे आणि माझ्याकडून तर नव्हेच.

प्रश्न : माझ्याकडे ‘थ्री-ओ-एट’ची बोल्ट रायफल आणि नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आहे. महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. पुनर्भरणीसाठी कोणता प्रेस घ्यावा? दुकानदार प्रोग्रेसिव्ह घ्या म्हणतो. (एक वाचक, डॅलस)

उत्तर : काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडातील प्रायमर (घाव बसताच दारू पेटवणारी टोपी), आतली बिनधुराची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर यांपैकी पुंगळी तेवढी शिल्लक राहते. चौघांत बहुधा तीच सर्वांत महाग असल्यामुळे ती टाकून देणे जिवावर येते, आणि या छंदाचे मूळ त्यात आहे. मात्र बाराच्या दाबाने पुंगळी फुगून नळीच्या कोठीचा आकार घेते. तिला पुन्हा मूळ मापात दाबून बसवणे, जुना प्रायमर काढून नवा घालणे, दारू ओतणे आणि गोळी ठराविक खोलीवर बसवणे ही कामे डाय नावाच्या पोलादी साच्यांतून होतात, आणि त्यासाठी लागणारा जोर प्रेस देतो.

प्रेस तीन प्रकारचे असतात. सिंगल-स्टेज प्रेसवर एका वेळी एकच डाय बसते. पन्नास पुंगळ्या घेतल्या की पन्नासांचे एक काम पुरे करायचे, डाय बदलायची आणि पुढचे काम हाती घ्यायचे. टरेट प्रेसमध्ये चार-सहा डाय एका फिरत्या चकतीवर बसवलेल्या राहतात, त्यामुळे त्या काढण्या-घालण्याचा त्रास वाचतो. प्रोग्रेसिव्हवर प्रत्येक घरात वेगळी पुंगळी असते आणि दांड्याच्या प्रत्येक ओढीसरशी एक तयार काडतूस बाहेर पडते. पहिल्या प्रकारात तासाला साधारण पन्नास काडतुसे होतात, तिसऱ्यात चारशेच्या पुढे.

दुकानदाराचे म्हणणे पिस्तुलापुरते चुकीचे नाही. दर आठवड्याला तीन-चारशे फैरी झाडणारे स्पर्धक प्रोग्रेसिव्हच वापरतात. परंतु त्या यंत्रावर चार-पाच क्रिया एकाच वेळी चाललेल्या असतात, आणि ज्याला त्यातली एकेक क्रिया सुटी ओळखता येत नाही त्याला काही बिघडले तरी कळत नाही. नऊ मिलिमीटरच्या पुंगळीत दारू इतकी थोडी असते की काही दारूंच्या बाबतीत दुप्पट ओतली गेली तरी ती आत मावते. सिंगल-स्टेजवर भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून त्यांवर दिवा धरला की कमी-जास्त पातळी लगेच नजरेत भरते. दुप्पट भरलेली पुंगळी लपून राहू शकत नाही. यासाठी पहिले वर्षभर तरी सिंगल-स्टेज, आणि तोही बंद चौकटीचा, घ्यावा असे मी सुचवीन. आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर या जातीचा आहे आणि वडिलांकडून मुलाकडे जाण्याइतका टिकतो. जुना मिळाला तरी बिनधास्त घ्या, कारण ओतीव लोखंडात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. बहुतेक डायचे आटे एकाच मापाचे, म्हणजे सात-अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला चौदा असतात, त्यामुळे आज घेतलेल्या डाय पुढे दुसऱ्या कंपनीच्या प्रेसवरही बहुधा चालतील. पिस्तुलाची डाय मात्र कार्बाइडची घ्या. सरळ भिंतीच्या पुंगळीला मग वंगण लावावे लागत नाही. ‘थ्री-ओ-एट’सारख्या निमुळत्या मानेच्या पुंगळीला ते लावावेच लागते, नाहीतर ती डायमध्ये अशी अडकते की काढताना घाम फुटतो.

वाचलेल्या पैशांतून एक चांगला व्हर्नियर, गोळी उपसण्याचा हातोडा (चुका होणारच) आणि पुढील प्रश्नात वर्णन केलेला काटा घ्यावा.

प्रश्न : दांडीचा काटा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? माझ्याकडे आजोबांच्या सांगलीच्या पेढीवरचा छोटा पितळी तराजू आहे. तो वापरता येईल का? (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

उत्तर : तराजूपासूनच सुरुवात करू, कारण आपल्या सराफांचे माप आणि अमेरिकन दारूचे माप यांचे नाते फार जवळचे आहे. दारू ग्रेनमध्ये तोलतात. पौंडाचे ७००० ग्रेन होतात आणि एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. इंग्रजी अमलात १८३३ साली तोळ्याचे वजन ठरवले गेले ते नेमके १८० ग्रेन. तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्या तर एक गुंज १.८७५ ग्रेन भरते. म्हणजे आजोबा ज्या बारकाईने सोने तोलत, जवळपास त्याच पातळीवर तुम्हाला दारू तोलायची आहे. फरक एवढाच की त्यांचे काम गुंजेच्या अंशावर भागत असे आणि तुम्हाला ग्रेनचा दहावा भाग, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, ओळखता आला पाहिजे. समभुज तराजू तत्त्वतः अतिशय प्रामाणिक असतो. पण दांडी ज्यांवर झुलते त्या त्याच्या धारा कित्येक वर्षे झिजलेल्या असतील, आणि ग्रेनच्या दशांशाची वजने त्या पेटीत असणार नाहीत. तो दिवाणखान्यात ठेवावा.

आता मूळ प्रश्न. काट्याबाबत तीन गोष्टी लोक एकत्र कालवतात. काटा किती बारीक आकडा दाखवतो ही एक. तो आकडा किती खरा आहे ही दुसरी. आणि तेच वजन दहा वेळा ठेवल्यावर दहाही वेळा तोच आकडा येतो का, ही तिसरी. जाहिरातीत फक्त पहिली असते. आपल्या कामासाठी सर्वांत महत्त्वाची तिसरी, कारण जो काटा नेहमी एकाच दिशेने ०.१ ग्रेन चुकतो त्याची चूक तपासणीच्या वजनाने पकडता येते, पण कधी वर कधी खाली जाणाऱ्या काट्याला कोणतेही औषध नाही.

दांडीचा काटा या तिसऱ्या कसोटीवर उत्तम उतरतो. पोलादाची धार कठीण दगडाच्या खाचेत टेकलेली असते आणि दांडीच्या टोकाची तांब्याची पट्टी दोन चुंबकांमध्ये हलते. तिच्यात निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे दांडीचे झुलणे लवकर थांबते, परंतु ती कोठे स्थिरावते यावर त्याचा परिणाम होत नाही. त्याला वीज लागत नाही, तापायला वेळ लागत नाही. ओहाऊस कंपनीने बनवलेले आणि आरसीबीएस किंवा लायमन यांच्या नावाने विकलेले जुने काटे अजून सेकंडहँड बाजारात सापडतात. धार स्वच्छ असेल आणि खाच फुटलेली नसेल तर नव्यापेक्षा मी तेच पसंत करतो. दोष एकच : काम सावकाश होते, आणि रेषेकडे डोळा समपातळीत आणून पाहावे लागते. मान वाकवून वरून पाहिले तर वाचन चुकते. साठी ओलांडलेल्यांनी काटा शेल्फवर डोळ्याच्या उंचीला ठेवावा.

साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यात धातूची एक छोटी तुळई असते. वजनाने ती किंचित वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो. त्या बदलाचे भाषांतर पडद्यावर आकड्यांत होते. ही योजना स्वस्त आणि जलद आहे, पण तापमान बदलले की तुळई आणि पट्टी दोन्ही बदलतात आणि शून्य जागचे हलते. विद्युतचुंबकाच्या बळाने पारडे उचलून धरणारा वरच्या दर्जाचा प्रकार ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे ०.०१५ ग्रेनपर्यंत, विश्वासाने जातो. लांब पल्ल्याचे नेमबाज तोच वापरतात आणि लांबट दारूचा एकेक दाणा मोजतात. त्याला कित्येकशे डॉलर पडतात. तीनशे यार्डांच्या आत मारा करणाऱ्याला त्याची गरज नाही.

खिशात मावणारा सराफी इलेक्ट्रॉनिक काटा घेऊ नका, असे मी मुद्दाम सांगतो, कारण तो वीस डॉलरांत मिळतो आणि मोह पडतो. त्यातले बरेचसे ०.०१ ग्रॅमच्या पायरीने मोजतात. ०.०१ ग्रॅम म्हणजे ०.१५ ग्रेन, म्हणजे आपल्याला लागणाऱ्या पायरीहून दीडपट जाड. रायफलच्या पंचेचाळीस ग्रेनच्या आसपासच्या भरणीत ०.१ ग्रेनची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. पिस्तुलाच्या पाच ग्रेनच्या भरणीत तीच चूक दोन टक्के होते. बारीक काटा रायफलीसाठी घ्यायचा आणि पिस्तुलाला काहीही चालते, हा समज नेमका उलटा आहे.

तेव्हा माझे उत्तर : एक दांडीचा काटा आणि एक मध्यम किमतीचा इलेक्ट्रॉनिक काटा, दोन्ही घ्या. रोजचे काम इलेक्ट्रॉनिकवर करा आणि दर दहा-पंधरा भरण्यांनंतर एक दांडीच्या काट्यावर टाकून पाहा. एकच घेण्याइतके पैसे असतील तर दांडीचा घ्या. दोहोंपैकी काहीही घेतले तरी तपासणीच्या वजनांची पेटी हवीच, कारण काट्याबरोबर येणारे एकुलते वजन बहुधा ५० ग्रॅमचे, म्हणजे ७७० ग्रेनहून जास्त असते. हत्तीच्या वजनाने मुंगी तपासण्यासारखे ते आहे. तुम्ही पाच ग्रेन तोलत असाल तर पाच ग्रेनच्या आसपासचेच वजन ठेवून पाहिले पाहिजे, आणि ती वजने चिमट्याने उचलायची, बोटांनी नाही.

प्रश्न : माझा इलेक्ट्रॉनिक काटा हिवाळ्यात वेड्यासारखे करतो. शून्यावर ठेवून चहा घेऊन येईपर्यंत ०.३ दाखवतो. काटा खराब आहे का? (एक वाचक, मिशिगन)

उत्तर : बहुधा नाही, खोली खराब आहे. माझ्याही तळघरात हेच झाले होते आणि मी दोन काटे परत केले. तिसऱ्याच्या वेळी ध्यानात आले की भट्टी सुरू झाली की छताच्या जाळीतून उतरणारी गरम हवा थेट पारड्यावर पडते. ती जाळी पुठ्ठ्याने झाकली आणि आजार गेला. परत केलेले दोन्ही काटे निर्दोष होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काटा सुरू करून किमान अर्धा तास तापू द्या आणि मगच शून्य करा. टेबल हलणारे नको. प्रेस ज्या टेबलाला बोल्टने आवळला आहे त्यावर काटा ठेवूच नये, कारण दांड्याच्या प्रत्येक ओढीने ते टेबल हादरते. पाणसळ लावून पातळी पाहा. मोबाइल दूर ठेवा. जुनी ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर ती बंद करून फरक पडतो का तेही पाहा. मिशिगनच्या हिवाळ्यात घरातली हवा कमालीची कोरडी असते आणि प्लास्टिकच्या पारड्यावर स्थिर वीज साचते. ती पारड्याला ओढते आणि दाण्यांनाही चिकटवून ठेवते. धातूचे पारडे वापरा, किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकतात त्या कागदाने प्लास्टिकचे पारडे पुसून घ्या.

आणखी एक खोड अशी की ती दोष म्हणून लक्षातच येत नाही. दाणा-दाणा टाकत भरणी पुरी करताना काही स्वस्त काटे हळूहळू वाढणारे वजन हा स्वतःचाच सरकणारा दोष समजून गिळून टाकतात. पडद्यावर आकडा तोच राहतो आणि पारड्यात दाणे पडत राहतात. आकडा बराच वेळ हलला नाही तर पारडे उचलून पुन्हा ठेवा. खरे वजन दिसेल. आणि रिकामे पारडे उचलल्यावर पडद्यावर जो उणे आकडा येतो तो कागदावर लिहून समोर चिकटवा. तो बदलला की शून्य सरकले.

एकक बदलण्याचे बटण अनेक काट्यांवर शून्याच्या बटणाला लागूनच असते. ग्रॅम आणि ग्रेन यांत पंधरापटीहून अधिक अंतर आहे आणि इंग्रजी आद्याक्षरे सारखीच दिसतात. दर बैठकीच्या आरंभी तपासणीचे वजन ठेवले तर ही चूक पहिल्या मिनिटालाच उघडी पडते.

प्रश्न : पॅरिसला पदक मिळवणारा आमचा स्वप्नील कुसाळे अशाच भरलेल्या गोळ्या वापरतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, आणि ती स्पर्धा पॉइंट टू-टू रिमफायर काडतुसांची असते. त्या काडतुसात सुटा प्रायमर नसतो. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या घडीत फिरवून भरलेले असते आणि फायरिंग पिनच्या घावाने ती कड चेपली जाते. अशी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. या दर्जाचे नेमबाज एकाच कंपनीच्या निरनिराळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जिच्या गोळ्यांचा निशाण्यावरचा गट सर्वांत लहान पडतो ती खेप मोठ्या संख्येने घेऊन ठेवतात.

मध्यभागी प्रायमर असलेल्या पुंगळ्यांतही दोन जाती आहेत. बॉक्सर जातीत मधोमध एकच छिद्र असते आणि जुना प्रायमर पिनेने सहज निघतो. बर्डान जातीत छिद्रे कडेला दोन असतात आणि तो काढणे कटकटीचे होते. बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डान अमेरिकन. आज अमेरिका बॉक्सरचा प्रायमर वापरते आणि बर्डानचा प्रायमर युरोपात व पूर्वेकडे रुळला.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे थोडी माहिती आहे. पुण्यात घरी काडतुसे भरली तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालणार नाही. १८६९ सालापासून काडतुसांचा व्यवहार पाहिलेल्या खडकीचा वारसा असला तरी नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दारूगोळ्याचे घटकही दारूगोळ्यातच मोडतात, आणि तो तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो आपोआप येत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नोंदलेल्या संख्येइतकी काडतुसे घ्यावीत. नेमबाज म्हणून काही सवलत मागायची असेल तर उपकरण विकत घेण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर मिळवा.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्र म्हणतो की बंदूक नको असेल तर निदान पुनर्भरणीचे सामान तरी घे, ते नुसते सामान आहे. (एक वाचक, ऑस्टिन)

उत्तर : मित्राला कायदा ठाऊक नाही, आणि अडकाल तुम्ही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगण्यास मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू ही सर्व ‘दारूगोळा’च आहे. काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो असेल तर ही मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्डधारकांवर ती मुळातच नाही. प्रेस, डाय आणि काटा ही अवजारे आहेत, दारूगोळा नव्हे; पण दारूशिवाय ती घेऊन करणार काय? आधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला तासाभराचे पैसे द्या. स्वतःच्या वापरासाठी भरणाऱ्याला संघीय परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा झाला तर लागतो, म्हणून मित्रांना डबे ‘खर्चाच्या भावात’ देण्याची सवय लावून घेऊ नका. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात.

प्रश्न : दारू आणि प्रायमर घरात कोठे ठेवावेत? पत्नीला काळजी वाटते. (एक वाचक, न्यू हॅम्पशायर)

उत्तर : त्यांची काळजी रास्त आहे आणि तिला नेमके उत्तर आहे. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा संहितेनुसार घरात २० पौंडांपर्यंत बिनधुराची दारू मूळ डब्यांतच ठेवता येते. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत, ठेवायची तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. प्रायमरची मर्यादा १०,००० आहे. लोखंडी तिजोरी अधिक सुरक्षित वाटते, पण आगीत लाकूड आतल्या मालाला उष्णतेपासून काही काळ वाचवते आणि पेटलेच तर दाब साठू न देता उकलते. घट्ट बंद लोखंडी पेटी मात्र तो दाब कोंडून ठेवते आणि तिचाच बॉम्ब होतो. प्रायमर काचेच्या बरणीत कधीही ओतू नयेत. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा उघडा असावा, आणि उरलेली दारू उठण्यापूर्वी त्याच डब्यात परत जावी. कोणती ते आठवत नसेल तर ती टाकून द्यायची, मग डबा अर्धा भरलेला का असेना. मराठीत ‘दारू’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन्ही दारू एका संध्याकाळी नकोत.

रेंजवर नेलेली पिशवी भारतात जाताना वापरू नका. दारू आणि प्रायमर विमानात हातातल्या किंवा चेक-इन केलेल्या, कोणत्याही सामानात चालत नाहीत. अस्तरात विसरलेल्या एका काडतुसामुळे मुंबई विमानतळावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक होता की नाही याचा विचार न्यायालय पुढे करते, पण तोवर सुट्टी संपलेली असते. तीच पिशवी न्यावी लागणार असेल तर ती उलटी करून झटका आणि शिवणीत बोट घालून पाहा.